कटिंग मास्तरांची माफी

माझे वडील शिवणकारखान्यात कटिंग मास्तर. लहानपणीच डावा पाय अधू झाला, म्हणून काखेत कुबडी. पण त्यांची कात्री चालायला लागली की भलेभले कारागीर हातातलं काम टाकून बघत बसायचे. मी तिथेच काज-बटणाला होते, त्यामुळे ही लेकीची फुशारकी नाही, रोज डोळ्यांनी पाहिलेलं सांगतेय.

कारखान्याला एक खोड होती. नवा माणूस आला की त्याच्या मशीनवर खडूने टोपणनाव लिहायचं. ढोल्या, चकणी, बोबडा. वडिलांनी आपल्या टेबलावर आपणच 'लंगडा मास्तर' लिहिलं होतं. कोणी हसायच्या आत तेच हसून घ्यायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण मी तोंड उघडलं नाही.

मग कॉलर लावायला एक मुलगी आली. डाव्या हाताला दोनच बोटं, पण तिने बसवलेल्या कॉलरला नाव ठेवायला जागा नसायची. तिसऱ्या दिवशी वडिलांनीच तिच्या मशीनवर लिहिलं, 'थोटी'. सगळे खो-खो हसले. तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून तिचं येणं बंद झालं.

मालक म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? गंमतच तर होती."

वडील आठवडाभर तिच्या रिकाम्या मशीनकडे बघत राहिले आणि शनिवारी मला म्हणाले, "चल, तिच्या घरी जाऊ."

तीन मजले, लिफ्ट नाही. मी हात पुढे केला तर म्हणाले, "राहू दे, माझा मी चढतो." दार तिनेच उघडलं. ते धापा टाकतच बोलायला लागले.

"चुकलो, बाळ. मीच स्वतःला नाव ठेवलं, म्हणून सगळ्यांना मोकळं रान मिळालं. आता तिथे कोणी कुणाला असलं काही म्हणणार नाही. कोणी म्हटलंच, तर मी कात्री खाली ठेवीन. तू कामावर ये."

ती दारातून बाजूला झाली. मग हळूच म्हणाली, "मास्तर, तुम्हाला कधी वाईट वाटलं नाही का हो?"

"रोज वाटायचं," ते म्हणाले. "पंचवीस वर्षांत विचारणारी तू पहिलीच."

"सोमवारी येते," ती म्हणाली.

जिना उतरताना मी त्यांच्या मागेच राहिले. इतका अभिमान आणि इतकी लाज मला एकदम कधीच वाटली नव्हती.