पिवळ्या छत्रीमागे

“मग काय, जन्मभर शेपूट होऊन बाबांच्या मागे फिरणार आहेस?” लेकाने ताट बाजूला सारलं. वाद बराच वेळ चालला होता, जेवण निवून गेलं होतं.

फिरेन की, आई म्हणाली. पाय माझे दुखतात, तुझे नाहीत.

बाबा जुन्या शहराचे वाटाडे. सगळे त्यांना छत्रीवाले म्हणत. बोटीने आलेले पाहुणे वेशीपाशी जमले, की मिटलेली पिवळी छत्री उंच धरून ते पुढे निघत. जकातघर, तोफांचा बुरूज, दीपगृह आणि शेवटी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक. चालताना मागे वळून बघायचं नाही, हा त्यांचा नेम. वाटाड्याच मागे बघत राहिला, तर लोकांनी समुद्र कधी बघायचा?

त्यांना विसरायला होऊ लागलं, तेव्हापासून बायको पाहुण्यांसारखी टोपी घालून रांगेच्या शेवटी चालायची. त्यांनी भलतं वळण घेतलं, की मागून विचारायची, “दीपगृह इकडे ना हो?” या बाईंना बरीच माहिती दिसते, असं ते सगळ्यांना सांगत. चारचौघांत आपली थट्टा करतात, असं वाटून ती मनातून सुखावायची.

आज मात्र ते फाटकाशी थांबलेच नाहीत. मोडक्या कुंपणातून सगळ्यांना थेट रानात घेऊन गेले. उद्यान झालं तेव्हा तिथली वस्ती उठवली होती, त्यात यांचंही घर गेलं होतं. “या, आमच्याकडे पाणी पिऊन पुढे जाऊ,” म्हणत ते झुडपांपुढे चपला काढून उभे राहिले. मागून तिने चार हाका मारल्या, पण व्यर्थ. शेवटी रक्षकाने सगळ्यांना बाहेर काढलं आणि लेकाला फोन केला.

उद्या बुरुजावरून कुणी खाली गेलं तर, असं सुनेने विचारलं. आई, तुमचा जीव तुटतो ते कळतं, पण लोकांच्या जिवाशी खेळ नको. आईचं आपलं एकच पालुपद. हातातली छत्री काढून घेतली, तर हा माणूस भिंतीकडे तोंड करून संपून जाईल.

तेवढ्यात आतल्या खोलीतून ते आले. काखेत छत्री, पायांत बूट. बायकोकडे बघून थबकले.

“बाई, तुम्ही अजून इथेच? बोट चुकली वाटतं,” ते आपुलकीने म्हणाले. “घाबरू नका. आमची ही आत असेल, ती करील तुमची सोय.”

लेकाने मान खाली घातली. सून पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिली.

“बरं,” आई म्हणाली. त्यांना खुर्ची दिली, खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. मग ताटं गोळा करता करता, उद्या दूध जास्त लागेल असं सांगावं तशा आवाजात तिने सांगून टाकलं,

“उद्या त्यांची शेवटची फेरी. पाहुणी मी एकटीच असेन. परवापासून ते घरी.”