सुमनआत्याच्या अंगात काय यायचं

शाळेत शिकवायला निघाले होते तेवढ्यात सावरगावला माहेरी आलेल्या मंजूचा, सुमनआत्याच्या मुलीचा, फोन आला. "आई गेली," एवढंच बोलली. पहाटे छातीत दुखलं आणि पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. सौंसरहून सावरगावला जाताना बसमध्ये मला सुमनआत्याचा चेहरा आठवत होता तो खाली घातलेला... बाया पाया पडत तेव्हा ती नेहमी मान खाली घालून बसायची. लोकांना तो तिचा नम्रपणा वाटे. ती लाज होती, हे मी कॉलेजसाठी तिच्या घरी राहायला गेले तेव्हा मला कळलं.

बोलता बोलता ती मधेच थांबायची. नजर एका जागी खिळायची, तोंड काही चघळल्यासारखं हलायचं, उजवा हात पदर चाचपत राहायचा. थोड्या वेळात ते ओसरायचं आणि ती भांबावून इकडेतिकडे बघायची. हे देवीचं येणं आहे, असं तिच्या सासूने फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. सासू गेली, तरी मंगळवारी ओसरीत बाया बसत, आत्या काही पुटपुटली की त्याचा अर्थ लावत, अंगारा घेऊन जात. एकदा सगळ्या गेल्यावर तिने मला हळूच विचारलं, "पोरी, मी काय बोलली? मले तं काहीच आठवत नाई. ह्या बाया नवस फेडून राहिल्या, अन् मले चोरी केल्यासारखं वाटते."

पुढे एकदा पोळ्या करताना तिचा हात तापल्या तव्यावर तसाच राहिला. कातडी सोलून निघाली, तरी तिला भान नव्हतं. त्यानंतर पुन्हा तसं झालं तेव्हा मी मोबाइलवर त्याचं चित्रण करून ठेवलं आणि काकांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, मागे लागून आम्ही तिला नागपूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ते चित्रण दोनदा पाहिलं. मग तिलाच विचारलं, "हे व्हायच्या आधी तुम्हाला काही जाणवतं का?" ती आधी काकांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पोटातून काहीतरी वर चढते. करपल्या दुधाचा वास येते. मंग पुढचं मले मालूम नाई." इतक्या वर्षांत देवीला लोकांनी पाऊसपाण्यापासून पोरांच्या नोकरीपर्यंत सगळं विचारलं होतं. आत्याला हे कोणीच विचारलं नव्हतं.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "ही मिरगीच आहे, म्हणजे अपस्मार. प्रत्येकच जण हातपाय झाडत पडतो असं नाही." रोज गोळ्या घ्यायच्या आणि बरं वाटलं तरी मनाने बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी काकांनाही बजावलं. परतीच्या बसमध्ये पांढुर्णा जवळ आल्यावर काका म्हणाले, "गोळ्या खा, पण बाहेर बोलू नको. देवी म्हटलं तं लोक पाया पडतात. मिरगी म्हटलं तं मंजूचं लगन कोठी जुळन?" आत्याने गोळ्यांची पुडी पदराच्या टोकाला बांधली.

गोळ्यांनी झटके थांबले. बाया म्हणू लागल्या, देवी रुसली. आत्या डोकं दुखतं, पाहुणे यायचेत, असं काहीबाही सांगून त्यांना परत पाठवायची. मग एका मंगळवारी मोहगावची एक बाई सुनेला घेऊन आली. सून चुलीपाशी भान हरपून पडली होती, कपाळ फुटलेलं होतं. बाई अंगारा मागू लागली. आत्या उभी राहिली आणि भरल्या ओसरीत म्हणाली, "माह्या अंगात काही येत नाई, बाई. मले मिरगी आहे. मी गोळ्या खाऊन राहिली. इले डाक्टरकडं ने." बाईने सुनेचा हात धरून तिला मागे ओढलं... जणू आत्याचा स्पर्श होईल. ओसरी रिकामी झाली ती झालीच. मंजूसाठी आलेलं सौंसरचं स्थळ मोडलं.

पुढे तिचं लग्न छिंदवाड्याकडे जमलं. आईच्या दुखण्याबद्दल तिकडे बोलायचं नाही असं घरात ठरलं. मंजूनेच आईला सांगितलं, "तू मंडपात जास्त पुढं येऊ नको." आत्या पुढे आलीच नाही. दुपारची गोळी तिने दाराआड उभी राहून घेतली, कोणी पाहील म्हणून. एरवी मोहगावचं कोणी भेटलं की ती त्या सुनेची चौकशी करायची. सुनेला डॉक्टरकडे नेलं की नाही, हे आत्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेराव्याला ओसरीत तिचा फोटो ठेवला होता. मंगळवारच्या जुन्या बायांपैकी एक म्हातारी नातीच्या आधाराने आली, फोटोपुढे नारळ ठेवून तिने डोकं टेकवलं. "लई जागृत देवी होती," म्हणाली. मंजूच्या सासरची माणसं समोरच्या सतरंजीवर बसली होती. मंजू उठली.

"देवी नोहती, आजी. माह्या आईले मिरगी होती. नागपूरच्या डाक्टरच्या गोळ्यांनं ते थांबलं."

मंजूच्या सासूने हातातली वाटी खाली ठेवली. म्हातारी मात्र उठली नाही. बराच वेळ नातीच्या पाठीवरून हात फिरवत बसली... मग मंजूला जवळ बोलावून अगदी हळू आवाजात म्हणाली, "इले बी कधी कधी तसंच होते. नागपूरचा तो डाक्टर कोणता?"