गच्चीवरची मराठी

मिरज सोडताना आईनं स्टेशनवर माझ्या पिशवीत चटणीची बरणी कोंबली आणि कानाशी लागून म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. तिकडं काही दुखलं-खुपलं तरी लोकांपुढं रडगाणं नको." मी हसले. म्हैसूरजवळ कडकोळच्या कारखान्यात पॅकिंग सुपरवायझरची नोकरी, त्यात रडण्यासारखं काय होतं? आपल्या गल्लीतून पुण्याला, दुबईला गेलेल्यांनो, तुम्हालाही कुणीतरी असंच बजावून पाठवलं असेल. मी ते फारच मनावर घेतलं.

दिवसभर उभं राहून कंबर धरली. डॉक्टरांनी जबर वेदनाशामक गोळ्या दिल्या, थोड्याच दिवसांसाठी. कंबर बरी झाली तरी मी गोळ्या घेतच राहिले. न घेतल्या तर अंगाला कापरं भरायचं, नाक गळायचं, जीव नकोसा व्हायचा. दुकानं बदलली, खोटं बोलले. अफूच्याच जातीचं औषध ते. दारुड्यांना नावं ठेवत वाढलेली मी, कारखान्याच्या बाथरूममध्ये लपून गोळ्या खायला लागले. हे लिहितानासुद्धा कान तापतात.

शेवटी कामावरच भोवळ येऊन पडले, तेव्हा इथल्या एका डॉक्टरीणबाईंनी उपचार सुरू केले. रोज सकाळी तल्लफ दाबणारी एक गोळी जिभेखाली. ती विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही. नेमका तेव्हाच आईचा फोन यायचा आणि मी नुसतं हुं हुं करायची. "तोंडात मूग धरलेस की काय?" ती चिडायची. काय सांगणार, कप्पाळ!

गोळीच्या जोडीला दर आठवड्याला व्हिडिओवर समुपदेशन. मी हट्टानं मराठी बोलणारी बाई मागितली. लाजेचं बोलणं इंग्रजीत जमेना आणि माझं कन्नड भाजी आणण्यापुरतं. तल्लफ कधी येते, त्याआधी काय घडलेलं असतं, आली तर लगेच काय करायचं, हे त्या खोदून खोदून विचारायच्या आणि सराव करून घ्यायच्या. म्हैसुरातल्या नजरबाद भागातल्या माझ्या खोलीत नेटवर्क येत नाही, म्हणून मी गच्चीवर बसायची. पलीकडच्या खिडकीत शिलाई मशीन खडखडायचं, टेलरची बायको शांताक्का गिऱ्हाइकांशी कन्नडमध्ये बोलायची. इथं मराठी कुणाला कळतंय, या भरवशावर मी खुशाल रडायची.

मग आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. "तू ये गं. सुनीताला एकटीला किती राबवू?" सुनीता म्हणजे माझी वहिनी. रजा मिळत नाही, असं मी ठोकून दिलं. खरं कारण गच्चीवर सांगितलं. आईला तसल्याच गोळ्या देतील, त्या माझ्या हाताशी असतील आणि माझा माझ्यावर भरवसा नाही. बाई म्हणाल्या, मग गोळ्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्यायला सांगा. म्हणजे घरी सांगणं आलं! माझं धाबंच दणाणलं. पुढच्या आठवड्याच्या समुपदेशनाला मी गच्चीवर गेलेच नाही.

त्याच संध्याकाळी शांताक्का दारात उभी. "काय गं, आज बोलायला बसली नाहीस? तुझी ती बाई वाट बघेल की."

मराठीत! हेल कन्नड, पण चक्क मराठी. पिढ्यान्‌पिढ्या इथं शिवणकाम करणारं, विठ्ठलाला मानणारं मूळचं मराठी घर ते. दुकानाच्या पाटीवरची कन्नड अक्षरं बघून मीच शहाणी निकाल लावून बसले होते. म्हणजे तिनं सगळं ऐकलं होतं. बाथरूम, खोटं बोलणं, आई. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

"आधी का नाही बोललीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"बोलले असते तर तू बोलणं बंद केलं असतंस, अल्वा, हो की नाही?" ती म्हणाली. "गिऱ्हाईक आलं की मी यजमानांना म्हणायची, मशीन चालू ठेवा, पोरीचं ऐकू जायला नको. परवागिल्ला, चालतंय. आईला सांग आता."

माझी मूठ मी कधी झाकलीच नव्हती. ती शांताक्कानं झाकली होती.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला आणि एका दमात सांगून टाकलं. तिनं विचारलं, "लोकांना कळलंय?" "एकीला," मी म्हणाले. पलीकडून नुसते नाक ओढल्याचे आवाज. शेवटी म्हणाली, "गोळ्या सुनीताच्या कपाटात ठेवू, किल्ली तिच्याकडं. तू तुझं औषध घेऊन ये."

परवा निघतेय. लाज गेलेली नाही. वहिनी किल्ली कमरेला खोचेल तेव्हा माझी मान खालीच असणार. ज्या घरात माझ्यामुळं कपाटाला कुलूप लागतंय ते अजून माझं घर कसं, हे मला नीट सांगता येत नाही. एवढंच सांगते, आज सकाळी आईचा फोन आला तेव्हा गोळी तोंडात होती. मी हुं केलं.

"विरघळू दे सावकाश," आई म्हणाली. "मी फोन धरून बसते."