साहेबांसाठी झाकून ठेवलेला तांब्या

परवा नात "आय ॲम ईटिंग" म्हणत बिस्किट खात होती आणि मला बाहत्तरच्या दुष्काळातली, पारनेरकडची माझी शाळा आठवली.

इंग्रजीच्या तपासणीला शिक्षणखात्याचे साहेब आले होते. क्रियापद बोलताना ती क्रिया करून दाखवायचीच, असा पाचवीच्या वर्गाला माझा दंडक. मुलं दार उघडत "ओपनिंग" म्हणायची, चालत "वॉकिंग". नोकरी नवी होती. टेबलावर साहेबांसाठी मैलभरावरून आणलेल्या पाण्याचा एकच तांब्या झाकून ठेवला होता.

साहेबांनी चंद्रकलेला उठवलं. म्हणाले, "ड्रिंक."

ती टेबलाशी आली. "आय ॲम ड्रिंकिंग वॉटर," म्हणाली आणि तिनं तांब्या तोंडाला लावला. मी डोळे वटारले, पण तिचे मिटलेले होते. वर्गात फक्त तिच्या घोटांचा आवाज. तांब्या रिकामा झाल्यावरच तिनं तो खाली ठेवला.

माझं तोंड बघून ती घाबरली. "गुर्जी, खोटं खोटं प्यायचं हुतं व्हय?"

साहेब हसले. शेरा उत्तम मिळाला.

पोरी, सकाळपासून पाणी प्यायली होतीस का, हे विचारायचं मला आज सुचतंय.