ओल्या दोऱ्याचा रंग

गेल्या मंगळवारी दुपारी दोऱ्याच्या दुकानात आमच्या सुमनमावशींचा अपमान झाला. मावशी घरी गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून माशांना भुलवणारे खोटे किडे बांधतात. त्यांनी तांबड्या दोऱ्याचं टोक जिभेवर भिजवून उजेडात धरलं.

“अहो बाई, उष्टं काय करता? रंग दिसत नाही का?” दुकानदार खेकसला. गिऱ्हाइकं हसली.

“कोरड्या दोऱ्याचा दिसतो रे बाबा. मासा काय दुकानात येऊन बघणारे?”

त्याने रीळ हिसकावलं. मावशी दोऱ्याविनाच परतल्या.

भिजल्यावर तांबडा काळपट होतो, माशाला तोच दिसतो. आपण मात्र सगळंच कोरडं बघून पसंत करतो आणि पारखणाऱ्याला अडाणी ठरवतो. मीही तिथे गप्प होतो. तुम्ही गप्प बसू नका. दुकानदाराला गल्ल्याशेजारी वाटीभर पाणी ठेवायला लावा.