कॅप्टन पेन्हालोंचं वाट पाहणं

गॉस्पोर्ट बंदराचे, इंग्रजी आरमारातले बार्नाबी पेन्हालो सव्विसाव्या वर्षी कॅप्टन झाले, कारण त्यांच्या वरचे दोघे एकाच आठवड्यात तापाने गेले. आयत्या बिळावरच्या या नागोबाने त्यातून एकच धडा घेतला. आरमारात एकदा कॅप्टनांच्या यादीत नाव लागलं की खालचा कुणी पुढे घुसत नाही. वरचे मरत जातात, आपण वर सरकत जातो. म्हणजे ॲडमिरल व्हायला शौर्य लागत नाही, नुसतं जगावं लागतं.

आणि कॅप्टन जगू लागले. गळ्याला लोकरी पट्टा, जेवणात बिनमसाल्याचं उकडलेलं मटण, वारा सुटला की खिडक्या बंद. दरवर्षी नवी यादी आली की बायकोला, टॅम्सिनला, शेजारी बसवून मेलेल्यांच्या नावांवर रेघ मारायचे. फ्रेंचांवर विजय मिळाल्याची बातमी आली की गाव घंटा वाजवी, आणि हे आपले किती कॅप्टन पडले ते विचारत. टॅम्सिनला या माणसाची लाज वाटायची. पण मोठ्या जहाजाच्या डोलकाठीवर नवऱ्याचं ॲडमिरलचं निशाण फडकलेलं तिलाही बघायचं होतं.

यादीत वर तेवीसजण उरले असताना हुकूम आला, जहाज घेऊन जमैकाला जा. कॅप्टनांना तत्काळ मुतखडा झाला.

"अहो, एकदा जाऊन या," टॅम्सिन म्हणाली. "नाही म्हटलेलं ती माणसं विसरत नाहीत."

"तिथे पिवळ्या तापाने माणसं पटापट मरतात. शिर सलामत तर पगडी पचास."

त्यांनी नम्रपणे नकार कळवला. त्यानंतर पंधरा वर्षांत तेवीसच्या तेवीसजण वारले, आणि एका सकाळी लंडनहून लखोटा आला. कॅप्टनांनी उभं राहून तो फोडला.

ॲडमिरल केलं होतं, पण घरी बसून. बोलावलं तेव्हा समुद्रावर न आल्यामुळे ताफा नाही, जहाज नाही, निशाणही नाही. ते सगळं यादीतल्या खालच्या माणसाला दिलं होतं.

कॅप्टनांनी पत्र तीनदा वाचलं आणि लहान मुलासारखे रडले. टॅम्सिनला दया आली, आणि दयेच्या दुप्पट राग.

"मग मी इतकी वर्षं जिवाला जपलं कशासाठी गं?"

"मलाही ते कधी कळलं नाही," ती म्हणाली.