कीबोर्डची उजवी बाजू

लोहाऱ्याच्या स्टँडवर उमरग्याची जीप भरत आली होती. माझी बॅग टपावर चढली होती. मधल्या सीटवर मी, शेजारी माझा नवा नवरा आणि त्याच्या मांडीवर रुखवतातला मिक्सर. आमच्या घरात आईला अव्वा म्हणतात. ती खिडकीतून हात घालून माझ्या पदराची पिन नीट करत होती आणि परत परत एकच सांगत होती, "येळेवर जेव. तिथं कुणी ताट वाढून वाट बघत बसणार न्हाय." अप्पा ड्रायव्हरला हळू चालव म्हणून सांगायला पुढं गेले ते तिकडंच थांबले, कारण रडताना कुणी बघितलेलं त्यांना खपत नाही. माझा धाकटा भाऊ मह्या दाराला लटकून उभा होता. सगळ्यांना वाटलं, आता बहीणभाऊ गळ्यात पडणार. मी त्याचा कान धरला आणि म्हटलं, "उजवी बाजू माझी हाय. माझ्या माघारी कुणाला बसवलास तर तंगडं मोडीन." तो म्हणाला, "व्हय गं अक्का, बस आता गप." जीप हलली आणि मग मात्र माझं रडं काही केल्या थांबेना.

ही उजवी बाजू म्हणजे काय, ते आधी सांगते. तहसीलसमोर अप्पांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. दुकान पुढं, घर मागं. सकाळी सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा यांची ही गर्दी, आणि चारनंतर सगळं सामसूम. मग त्याच कॉम्प्युटरवर मी आणि मह्या मारामारीचा खेळ खेळायचो. खरं तर तो खेळ कॉम्प्युटरचा नव्हताच. टीव्हीला जोडायचा एक डबा असतो, कन्सोल म्हणतात, त्याचा होता. असा डबा आम्ही आयुष्यात बघितला नव्हता. मह्यानं लातूरहून पेनड्राइव्हमध्ये एम्युलेटर आणला होता. एम्युलेटरमुळं कॉम्प्युटर त्या डब्याचं सोंग घेतो आणि डब्याचे खेळ आपल्या स्क्रीनवर चालतात. आमच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला ते सोंग झेपायचं नाही. गुद्दा हाणला की तो समोरच्याला लागेपर्यंत आपण मनातल्या मनात दोन शिव्या देऊन मोकळे. मागचं संगीत बॅटरी उतरलेल्या टेपसारखं रडत असायचं. आम्हाला वाटायचं, खेळ असाच असतो.

स्क्रीनवर यायचं, त्रिकोण दाबा, गोल दाबा. आता कीबोर्डवर त्रिकोण कुठून आणायचा? कितीतरी दिवस आम्ही ती खेळ बनवणाऱ्याची चूकच समजत होतो. कन्सोलच्या रिमोटवर तशी बटणं असतात हे कळल्यावर मी माझ्या टिकल्यांचं पाकीट आणलं आणि बटणांवर टिकल्या चिकटवल्या. हिरवी म्हणजे त्रिकोण, लाल म्हणजे गोल. सातबारा काढायला आलेलं गिऱ्हाईक अप्पांना विचारायचं, "काय अप्पा, कॉम्प्युटरचं लगीन लावलंत का काय?" अप्पा आमच्याकडं डोळे वटारून बघायचे, पण टिकल्या काही काढायचे नाहीत.

डावीकडची अक्षरं मह्याची, उजवीकडचे बाण आणि आकडे माझे. स्टूल एकच, अर्धं त्याचं, अर्धं माझं. तो कोपर मारायचा, मी चिमटा काढायची. खेळातल्या लढवय्यांपैकी मी नेहमी भालेवाली घ्यायची, उंच, काटक, मान वर करून चालणारी. तो एक ढेरपोट्या घ्यायचा. मह्यानं मला कधी म्हणजे कधीच मुद्दाम जिंकू दिलं नाही. ताप होता तेव्हा नाही, बारावीचा निकाल लागला त्या दिवशी नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या हाताची मेंदी नुकती वाळली होती, बोटं आखडली होती, तर म्हणाला, "मेंदीचं कौतुक मला सांगू नको," आणि लोळवलं मला. मी जिंकले तेव्हा माझ्या हिमतीवर जिंकले. मग माझं ओरडणं तहसीलच्या व्हरांड्यापर्यंत जायचं आणि मह्या रुसून जेवायचा नाही.

बेंगलोरला आले. वाटलं होतं, सीमेवरचे आपण, घरात निम्मं कन्नड बोलतो, आपल्याला काय अवघड? पहिल्याच आठवड्यात भाजीवालीनं माझं कन्नड ऐकलं, तोंडाला पदर लावून हसली आणि हिंदीत भाव सांगायला लागली. इथं सगळं ॲपवर. दूध ॲपवर, गेटवरचा माणूस ॲपवर, शेजारणीशी भांडणसुद्धा सोसायटीच्या ग्रुपवर. नोकरी लागली, पहिल्या बोनसमधून मी कन्सोल घेतला. खरा, कंपनीचा. रिमोटवर त्रिकोण बघितला आणि अंगावर काटाच आला. नवऱ्याला दाखवला. तो म्हणाला, "अरे वा, मस्त," आणि कानात हेडफोन घालून मीटिंगला बसला. वाईट नाही तो, पण त्याला असल्या गोष्टीचं काही वाटत नाही.

त्यावर आमचा जुना खेळ मिळाला. लावला, आणि काय सांगू, तो पळत होता! मी भाला उचलेपर्यंत समोरचा मला आडवी करून मोकळा. खेळाचा खरा वेग हा, हे मला तेव्हा कळलं. आम्ही तो मंद शिकलो होतो, बोटांना तीच चाल ठाऊक होती. ऑनलाइन खेळायला लागले तर समोर कोण कुठला पोलंडचा, कोण ब्राझीलचा. हरवतो आणि निघून जातो. ना कोपर, ना चिमटा. जिंकलं तरी ओरडायचं कुणापुढं? गावात राहिलेल्या मैत्रिणींनो, तुम्ही फोनवर म्हणता, मज्जा आहे बाई तुझी. आहे की. मोठा टीव्ही आहे, एसी आहे, आणि सोफ्यावर मी एकटी आहे.

मग मह्याचं लग्न झालं. भावजय मुरूमची, नाव प्रतिभा. शिकलेली, चटपटीत, आल्या आल्या दुकानातले फॉर्म भरायला लागली. अव्वा फोनवर तिचं कौतुक करायची, मी "व्हय का, बरं झालं" म्हणायची. इथपर्यंत सगळं ठीक होतं. एका रविवारी मी व्हिडिओ कॉल केला. मह्यानं फोन मॉनिटरला टेकवून ठेवला, आणि दिसलं काय, तर स्टुलाच्या उजव्या अर्ध्यावर प्रतिभा! बोटं आकड्यांवर. "अक्का, हिनं आज लागोपाठ हाणलं मला. आन् हिला भालेवालीच लागती," मह्या दात काढून सांगत होता. हरल्याचं! माझ्याशी हरला की ताटावर न बसणारा हा, बायकोशी हरून हसतोय. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "नेटवर्क न्हाय," म्हणून मी फोन कापला.

तिला माझी खोली मिळाली, मला काही वाटलं नव्हतं. माझं कपाट मिळालं, माझी स्कूटी मिळाली, अव्वाच्या पाटल्याही पुढंमागं तिलाच जाणार, जाऊ देत. पण ते अर्धं स्टूल मला सहन होईना. जळले मी, सरळ सांगते. अव्वानं फोनवर तिचं नाव काढलं की माझ्या कपाळावर आठी. माझ्यासारख्याच गाव सोडून आलेल्या एकदोघी ऑफिसात आहेत, त्या म्हणाल्या, होमसिक झालीस गं. कसलं होमसिक! घराची आठवण आली तर माणूस रडतं, मी दात खात होते.

तेवढ्यात कंपनीनं तोच खेळ नव्यानं तयार करून थेट कॉम्प्युटरसाठी काढला. त्याला पोर्ट म्हणतात. आता सोंग नको, काही नको, लख्ख चित्र आणि खरा वेग. मह्यानं दुकानात नवा कॉम्प्युटर घेतलाच होता. मी खेळ विकत घेऊन त्याला पाठवला, वर दोन रिमोट कुरिअर केले. अव्वा म्हणाली, "लई जीव गं तुझा भावावर." जीव कसला, माझ्या पोटात निराळंच शिजत होतं. प्रतिभा मंद खेळात तरबेज, खऱ्या वेगाची सवय मला. नागपंचमीला माहेरी जायचं आणि तिच्या नवऱ्यासमोर तिला धूळ चारायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ऑफिसातून आले की पर्स फेकायची आणि सरावाला बसायची. नवऱ्याला वाटलं, बायकोला छंद लागला.

पंचमीला गेले. पाय धुवायला गरम पाणी, ताटात कडबू, वर तुपाची धार. मह्या म्हणाला, "ये अक्का, बस उजवीकडं." मला खुर्ची दिली, खुर्चीवर उशी दिली, रिमोट हातात आणून दिला. खेळलो. मी जिंकले. परत जिंकले. अगदी पहिल्यासारखी ओरडले. प्रतिभा चहा घेऊन आली तेव्हा मी म्हटलं, "बस की, एक डाव खेळ." तिनं अव्वाकडं बघितलं आणि म्हणाली, "नको अक्का, तुम्हीच खेळा." घाबरली, म्हटलं मनात. काय बरं वाटलं मला! त्या आनंदात मी दोन कडबू जास्तीचे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतून बाहेर आले, तर स्वयंपाकघरात अव्वाचा आवाज. "मह्या, आजबी जिंकू दे रे तिला. चार दिसाची पाहुणी हाय, खुशीनं जाऊ दे." मह्या म्हणाला, "देतोच की. काल किती डाव सोडले हातानं." मग अव्वा प्रतिभाला म्हणाली, "आन् तू बसू नको तिच्यासंगं. तुला हरता येत न्हाय."

मी ओला टॉवेल हातात धरून तिथंच उभी. पाहुणी! मेंदीच्या हाताला ज्यानं सोडलं नाही, तो मला डाव सोडत होता. माझा सगळा सराव, माझं ओरडणं, आणि हे तिघं आतून ठरवून बसलेले. इतका अपमान मला भाजीवालीनंही केला नव्हता. दिवसभर मी कुणाशी धड बोलले नाही. मह्या विचारायला आला, "अक्का, एक डाव?" मी म्हटलं, "तुझा तू खेळ, आन् तुझा तूच जिंक." तो डोकं खाजवत गेला.

चारनंतर अव्वा शेजारी झोक्याच्या गाण्यांना गेली. प्रतिभा माझ्या दारात येऊन उभी राहिली. "अक्का, चला."

"कुठं?"

"एक डाव."

"का? तूबी हातानं सोडणार?"

ती चपापली. मी ऐकलंय, हे तिला कळलं. मग म्हणाली, "मला खरंच येत न्हाय तसलं." एवढं बोलून ती दुकानात गेलीसुद्धा.

मी मागोमाग गेले. तिनं दोन्ही रिमोट बाजूला सारले. "ह्याच्यावर माझा हात बसत न्हाय, कीबोर्डवरच खेळू." खुर्ची ढकलली, कोपऱ्यातलं स्टूल पुढं ओढलं आणि उजव्या अर्ध्यावर ठाण मांडून बसली.

"ए, ती माझी बाजू हाय," मी म्हटलं.

"होती," प्रतिभा म्हणाली. "आता माझी हाय. पायजे असली तर जिंकून घ्या."

असं बोलतात का नणंदेला? माझी कानशिलं तापली. डावीकडं बसले. त्या बाजूनं मी जन्मात खेळले नव्हते, बोटं सापडेनात. तिनं मला उभंसुद्धा राहू दिलं नाही. माझ्याच भालेवालीनं मला कोपऱ्यात दाबून दाबून हाणलं. मी कोपर मारला, तर तिनं उलटा कोपर असा दिला की मी स्टुलावरून निम्मी खाली. खऱ्या वेगाला ती कधीच सरावली होती, मी उगीचच हिशेब मांडत बसले होते. दुसरा डाव गेला, तिसरा गेला. दाखल्याला आलेला एक माणूस दाखला विसरून उभ्या उभ्या बघत होता. अव्वा परत आली आणि दारातूनच ओरडली, "अगं ए पोरी, नणंद हाय ती तुझी!"

प्रतिभानं स्क्रीनवरची नजर काढली नाही. "म्हणूनच खेळायलोय अव्वा. पाहुण्यांना चहा देतात."

मला हसू आलं आणि त्याच वेळी तिचा इतका राग आला की मी तिला चिमटा काढला. ती किंचाळली, पण डाव तिनंच मारला.

गाव सोडून आलेल्यांनो, आपण घरी गेलो की पहिलं ताट मिळतं, चांगला पलंग मिळतो, सगळे जपून बोलतात. माया असते ती, मी नाही म्हणत नाही. पण आपल्याला कुणी आडवं येत नाही, कारण आपण चार दिवसांत जाणार हे सगळ्यांनी धरलेलं असतं. प्रतिभाचा हेवा मला अजून वाटतो. पंचमी झाली तरी ती त्याच स्टुलावर असणार आणि मी बेंगलोरच्या सोफ्यावर. मह्या तिच्याशी हरून हसणार. ह्यातलं काही बदलणार नाही. पण त्या घरात मला पाहुणी न समजणारी ती एकटीच निघाली, आणि नेमकी तिच्यावरच मी जळते.

दुसऱ्या दिवशीचं तिकीट मी पुढं ढकललं. नवऱ्याचा फोन आला तेव्हा डाव रंगात आला होता, प्रतिभाची भालेवाली अखेरच्या घटका मोजत होती आणि माझी त्याहून वाईट अवस्था होती. फोन मी खांद्यानं कानाशी दाबून धरला.

"घरी कधी येणार आहेस?" त्यानं विचारलं.

"घरीच हाय मी," मी म्हटलं. "ठेव आता, हरायले."